दिवा हिरवा, तरी नेटवर्क भलतंच: व्हीलॅन पोर्टच्या नेहमीच्या बिघाडाचा माग

स्विचवर नवीन व्हीलॅन (त्याच स्विच-केबलींवर वेगळं काढलेलं आभासी नेटवर्क) केला, पोर्ट त्यात टाकला, केबल लावली, दिवाही लागला. तरी मशीनला आयपी मिळत नाही, किंवा भलत्याच नेटवर्कचा मिळतो. ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा आली आहे की तपासणीचा क्रम आता हाताला बसला आहे. तोच इथे देतो. आधी लक्षणं, मग फुकटात आणि खुर्चीवरून न उठता होणाऱ्या तपासण्या, आणि शेवटी ज्यांना वेळ, हत्यारं किंवा दुसऱ्याची परवानगी लागते त्या.

लक्षणं

- मशीनला आयपी मिळतो, पण चुकीचा. व्हीलॅन २० मधला हवा होता, आला व्हीलॅन १ मधला.
- १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसतो, म्हणजे डीएचसीपीकडून (आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेकडून) उत्तर आलंच नाही.
- एकाच स्विचवरची मशीन एकमेकांना पिंग करतात, पण त्याच व्हीलॅनमधली दुसऱ्या स्विचवरची मशीन दिसत नाहीत.
- एकाच मशीनवर दोन वेगळ्या नेटवर्कचे आयपीव्ही६ पत्ते येतात.
- ॲक्सेस पॉइंटवर एक वायफाय नीट चालतं, दुसरं जोडलं जातं पण आयपी देत नाही.
- नवीन व्हीलॅन जोडल्याबरोबर जुने बंद पडतात.
- सगळं सुरळीत असतं, वीज जाऊन येते आणि पोर्ट पुन्हा जुन्या व्हीलॅनमध्ये जातात.
- बदल केल्यावर स्विचचं मॅनेजमेंटच उघडत नाही.

वरवर ही सगळी वेगवेगळी दुखणी वाटतात. मुळाशी जवळजवळ नेहमी दोन प्रश्न असतात. या पोर्टमधून बाहेर पडणारी फ्रेम (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा एक तुकडा) टॅगसह, म्हणजे व्हीलॅनचा आकडा लावून, जाते की टॅगशिवाय? आणि टॅगशिवाय आत येणारी फ्रेम स्विच कुठल्या व्हीलॅनमध्ये टाकतो? हे दोन प्रश्न केबलच्या दोन्ही टोकांना विचारायचे. एका टोकाची उत्तरं दुसऱ्या टोकाशी जुळली नाहीत की वरच्या यादीतलं एखादं लक्षण दिसतं. बहुतेक जण फक्त आपल्या समोरच्या स्विचचं कॉन्फिग बघतात आणि तिथेच अडकतात.

कशालाही हात लावण्याआधी

चालू कॉन्फिगची प्रत उतरवून ठेवा. वेब पानावरून बॅकअप घेता येत असेल तर तो घ्या, नाहीतर कमांड लाइनवरचं रनिंग कॉन्फिग एखाद्या फाइलमध्ये चिकटवा. व्हीलॅनच्या बिघाडात लोक एकामागून एक बदल करत जातात आणि तासाभराने मूळ अवस्था काय होती हेच कुणाला सांगता येत नाही.

दूरवरच्या स्विचवर काम असेल तर परतीची वाट आधी बांधा. सिस्कोवर ‘रीलोड इन १०’ दिलं की दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होऊन शेवटच्या सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर येतो. सगळं ठीक झालं की ‘रीलोड कॅन्सल’ द्यायचं. मात्र मधे सेव्ह करू नका, नाहीतर रीस्टार्टनंतर चुकीचंच कॉन्फिग परत येईल. ज्युनिपरवर यासाठी ‘कमिट कन्फर्म्ड’ आहे, मायक्रोटिकवर सेफ मोड आहे. ही सोय वापरायला अर्धं मिनिट लागतं. न वापरल्यास कन्सोल केबल घेऊन स्विचपर्यंत जावं लागतं.

१. केबल खरंच त्याच पोर्टमध्ये आहे का?

तुम्ही कॉन्फिग बदलताय पोर्ट ७ चं, आणि मशीन बसलंय पोर्ट १७ वर. पॅच पॅनलवरच्या लेबलांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, ती लावल्यानंतर केबली अनेकदा हलवल्या गेलेल्या असतात. मशीनकडची केबल काढा आणि स्विचवर कुठला पोर्ट डाउन झाला ते बघा. पुन्हा लावा, तोच पोर्ट अप व्हायला हवा. ही तपासणी पहिली ठेवण्याचं कारण सरळ आहे: चुकीच्या पोर्टवर केलेलं बरोबर कॉन्फिग दुसऱ्याच कुणाचं तरी नेटवर्क बंद पाडतं, आणि मग एकाच्या दोन तक्रारी होतात.

केबल काढल्यावर कुठलाच पोर्ट डाउन झाला नाही, तर मधे काहीतरी आहे. टेबलाखालचा छोटा अनमॅनेज्ड (कॉन्फिगच नसलेला) स्विच, आयपी फोन, नाहीतर एखादा जुना राउटर.

२. मशीनला मिळालेला आयपी नीट वाचा

आधी जुना लीज (डीएचसीपीने मुदतीवर दिलेला आयपी) सोडून नवा घ्या. विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग रिलीज’ आणि मग ‘रिन्यू’. पोर्टचा व्हीलॅन बदलला तरी लिंक तुटत नाही, त्यामुळे मशीनला बदल झाल्याचं कळतच नाही आणि ते जुनाच आयपी धरून बसतं. कॉन्फिग पूर्ण बरोबर असूनही अशा वेळी बिघाड तसाच दिसतो. केबल काढून लावणं किंवा स्विचवरून पोर्ट बंद करून पुन्हा सुरू करणं यानेही काम होतं.

नवा लीज घेतल्यावर काय आलं यावरून पुढची दिशा ठरते. दुसऱ्या व्हीलॅनचा आयपी आला तर मशीनची फ्रेम त्या व्हीलॅनमध्ये पडते आहे, म्हणजे संशय याच पोर्टवर किंवा अपलिंकच्या (दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या लिंकच्या) नेटिव्ह व्हीलॅनवर, म्हणजे तिथे टॅगशिवायच्या फ्रेम ज्या व्हीलॅनच्या धरल्या जातात त्यावर. १६९.२५४ आला तर फ्रेम डीएचसीपीपर्यंत पोचत नाही किंवा उत्तर परत येत नाही.

दुसऱ्या प्रकारात आणखी एक फुकट चाचणी करा. मशीनला त्या व्हीलॅनमधला एखादा मोकळा आयपी हाताने द्या आणि गेटवेला (त्या व्हीलॅनमधून बाहेर नेणाऱ्या राउटरला) पिंग करा. पिंग गेलं तर व्हीलॅनची वाट ठीक आहे, बिघाड डीएचसीपीत आहे. मग खालचा बराचसा भाग सोडून थेट आठव्या तपासणीवर जा.

३. मधला छोटा स्विच

मधे अनमॅनेज्ड स्विच सापडला तर तो तात्पुरता काढून मशीन थेट लावून बघा. अशा स्विचला व्हीलॅन कळत नाही. टॅग असलेली फ्रेम तो बहुधा जशीच्या तशी पुढे ढकलतो, पण तसं होईलच असं गृहीत धरून जाळं उभारू नये. ८०२.१क्यू या व्हीलॅनच्या मानकाचा टॅग ४ बाइटचा असतो, त्यामुळे नेहमीची १५१८ बाइटची कमाल फ्रेम १५२२ होते. काही जुनी यंत्रं एवढी फ्रेम मोठी समजून टाकून देतात. मग छोटे पिंग जातात, पण फाइल कॉपी करायला घेतली की अडकते. हे लक्षण पाहिलं की मी आधी मधल्या यंत्रांची यादी करतो.

ॲक्सेस पोर्टपुढे (एकाच व्हीलॅनच्या, टॅगशिवाय चालणाऱ्या पोर्टपुढे) असा छोटा स्विच लावणं चालतं, फक्त त्यावरची सगळी मशीन त्याच एका व्हीलॅनमध्ये येतील. ट्रंकच्या (अनेक व्हीलॅन टॅगसह नेणाऱ्या लिंकच्या) मधे तो नकोच.

४. कॉन्फिग सेव्ह झालं होतं का?

वीज जाऊन आल्यावर बिघाड परततो असं कुणी सांगितलं की पहिला संशय हाच. बहुतेक मॅनेज्ड स्विचमध्ये ‘ॲप्लाय’ आणि ‘सेव्ह’ ही दोन वेगळी कामं आहेत. ॲप्लाय केल्यावर बदल लागू होतो, पण फक्त मेमरीत. सेव्ह केलं नाही तर रीस्टार्टला तो पुसला जातो.

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचवर यातला एक प्रकार फार फसवतो. व्हीटीपीच्या (व्हीलॅनची यादी स्विचांमध्ये आपोआप वाटणाऱ्या सिस्कोच्या प्रोटोकॉलच्या) सर्व्हर मोडमध्ये व्हीलॅनची यादी फ्लॅशमधल्या ‘व्हीलॅन डॉट डॅट’ या वेगळ्या फाइलमध्ये लगेच लिहिली जाते, तर पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये आहे हे रनिंग कॉन्फिगमध्ये राहतं. सेव्ह न करता रीस्टार्ट झाला तर व्हीलॅन २०, ३० यादीत नावांसकट दिसतात, पण त्यांच्यापुढे एकही पोर्ट नसतो. पाहणाऱ्याला वाटतं, व्हीलॅन तर शाबूत आहेत, म्हणजे सेव्ह झालेलंच होतं. तसं नसतं.

उलटा प्रकारही होतो. बिघडलेला स्विच बदलताना जुन्या स्विचचं कॉन्फिग नव्यावर चढवलं, पण व्हीलॅनची यादी त्या फाइलमध्ये नव्हती. तेव्हा नव्या स्विचवर आधी व्हीलॅन बनले आहेत का ते बघा.

५. अनटॅग्ड आणि पीव्हीआयडी

इथे थोडा वेळ द्या. वेब पानावरून चालवायच्या स्मार्ट स्विचवरच्या बहुतेक तक्रारी मला इथेच सुटलेल्या दिसतात.

अशा स्विचवर एका पोर्टसाठी दोन वेगळ्या जागी माहिती भरावी लागते. एका तक्त्यात पोर्ट व्हीलॅन २० चा सभासद आहे का, आणि टॅग्ड की अनटॅग्ड, हे ठरतं. ते फक्त बाहेर पडणाऱ्या फ्रेमसाठी असतं. दुसऱ्या पानावर पीव्हीआयडी असतो. टॅगशिवाय आत येणारी फ्रेम कुठल्या व्हीलॅनमध्ये टाकायची हे तो ठरवतो. लोक पहिला तक्ता भरतात, ॲप्लाय दाबतात आणि उठतात. पीव्हीआयडी मूळच्या १ वरच राहतो.

मग काय घडतं ते पावलापावलाने बघू. मशीनने डीएचसीपीची विनंती पाठवली, ती टॅगशिवाय पोर्ट ७ वर आली. पीव्हीआयडी १ आहे, म्हणून ती व्हीलॅन १ मध्ये पडली. व्हीलॅन १ मधल्या डीएचसीपी सर्व्हरने उत्तर दिलं. आता पोर्ट ७ व्हीलॅन १ चाही अनटॅग्ड सभासद राहिला असेल, तर उत्तर मशीनपर्यंत पोचतं आणि त्याला व्हीलॅन १ चा आयपी मिळतो. पोर्टला व्हीलॅन १ मधून काढलं असेल, तर उत्तराला परतीची वाट नाही आणि मशीन १६९.२५४ वर जातं. एकच चूक, पण पोर्ट व्हीलॅन १ चा सभासद राहिला की निघाला यावर लक्षण बदलतं. म्हणून एकाच स्विचवरचे दोन पोर्ट दोन वेगळे आजार दाखवू शकतात.

आता पीव्हीआयडी नीट २० केला, पण पोर्टला व्हीलॅन १ मधून काढायचं राहिलं, असं धरा. आयपी बरोबर मिळतो, इंटरनेट चालतं, सगळे खूश. मात्र व्हीलॅन १ मधला सगळा ब्रॉडकास्ट आणि मल्टिकास्ट त्या पोर्टवर टॅगशिवाय सांडत राहतो. त्यात आयपीव्ही६ राउटरच्या जाहिरातीही आल्या. त्या ऐकून मशीन स्वतःला दुसऱ्या नेटवर्कचाही आयपीव्ही६ पत्ता लावून घेतं आणि काही वेबसाइट अधूनमधून उघडत नाहीत. यादीतलं ‘दोन नेटवर्कचे आयपीव्ही६ पत्ते’ हे लक्षण इथून येतं. सुरक्षेच्या दृष्टीनेही हे वाईट. पाहुण्यांच्या नेटवर्कवरच्या मशीनला ऑफिसच्या नेटवर्कची कुजबुज ऐकू येता कामा नये.

नियम सोपा आहे. साध्या मशीनचा पोर्ट एका आणि एकाच व्हीलॅनमध्ये अनटॅग्ड असावा, पीव्हीआयडी तोच असावा, आणि बाकीच्या सगळ्या व्हीलॅनमधून तो बाहेर असावा.

सिस्कोवर ‘स्विचपोर्ट मोड ॲक्सेस’ आणि ‘स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन २०’ दिलं की तिन्ही गोष्टी एकदम होतात. एचपीच्या प्रोकर्व्ह घराण्यात व्हीलॅन २० च्या आत जाऊन पोर्ट अनटॅग्ड केला की तो आधीच्या व्हीलॅनमधून आपोआप निघतो. मायक्रोटिकवर मात्र ब्रिजच्या पोर्टला पीव्हीआयडी हाताने द्यावा लागतो, आणि ब्रिजवर व्हीलॅन फिल्टरिंग सुरू केल्याशिवाय व्हीलॅनचा तक्ता कितीही नीट भरला तरी स्विच त्याकडे बघत नाही. ते सुरू करण्याआधी मॅनेजमेंटच्या व्हीलॅनमध्ये खुद्द ब्रिजला टॅग्ड सभासद करा, नाहीतर त्याच क्षणी तुम्ही बाहेर फेकले जाल.

६. मॅक तक्ता

अंदाज बांधत बसण्यापेक्षा स्विचलाच विचारा. सिस्कोवर ‘शो मॅक ॲड्रेस-टेबल’, आणि बहुतेक स्मार्ट स्विचच्या वेब पानावरही असा तक्ता असतो. त्यात प्रत्येक ओळीत व्हीलॅन, मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) आणि पोर्ट असतात. मशीनचा मॅक पत्ता आधी मशीनवरून टिपून घ्या आणि तो तक्त्यात शोधा.

समजा ओळ अशी आहे: व्हीलॅन १, शेवटची अक्षरं ४सी-ए९, पोर्ट ७. मशीन व्हीलॅन २० मध्ये असायला हवं होतं. मग वाद संपला, पोर्ट ७ वर आत येणारी फ्रेम व्हीलॅन १ मध्ये पडते आहे. पाचव्या तपासणीकडे परत जा. ओळीत व्हीलॅन २० आणि पोर्ट ७ असेल तर हा पोर्ट निर्दोष आहे, पुढच्या स्विचवर जा. तिथेही हाच मॅक शोधा. अपलिंक पोर्टसमोर तो व्हीलॅन २० मध्ये दिसायला हवा. असं एकेक स्विच पुढे सरकत जा. जिथे मॅक दिसेनासा होतो किंवा व्हीलॅनचा आकडा बदलतो, त्या दोन स्विचमधल्या केबलच्या टोकांवर बिघाड आहे.

तक्त्यातली ओळ शांत मशीनसाठी टिकत नाही. नेहमीची मुदत ३०० सेकंद असते. म्हणून शोधण्याआधी मशीनवरून गेटवेला सतत पिंग लावून ठेवा. पिंगला उत्तर येणार नाही हे माहीत असलं तरी चालेल, फ्रेम निघत राहिली की पुरे.

तपासणीच्या या क्रमात मला सगळ्यात जास्त भरवसा या पायरीचा वाटतो. कॉन्फिग काय व्हायला हवं ते सांगतं, मॅक तक्ता खरोखर काय होतंय ते दाखवतो.

७. अपलिंक: यादी, नेटिव्ह आणि मधला विसरलेला स्विच

एकाच स्विचवर सगळं चालतं आणि दुसऱ्या स्विचवर जात नाही, तर अपलिंक बघायचा. सिस्कोवर ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ ही कमांड अशा वेळी डॉक्टरचं काम करते, फक्त तिचे भाग वेगवेगळे वाचायला हवेत. सुरुवातीला पोर्ट, मोड आणि नेटिव्ह व्हीलॅन येतात. त्याखाली व्हीलॅनच्या तीन याद्या असतात: ट्रंकवर परवानगी असलेले, परवानगी असून या स्विचवर चालू असलेले, आणि त्यातलेही प्रत्यक्ष फ्रेम पुढे नेणारे.

व्हीलॅन २० पहिल्याच यादीत नाही? मग परवानगी दिलेली नाही. पहिल्या यादीत आहे पण दुसरीत नाही? मग या स्विचवर तो व्हीलॅन बनवलेलाच नाही किंवा बंद ठेवला आहे. हे मधल्या स्विचवर फार होतं. अ आणि क या स्विचवर व्हीलॅन २० केला, दोघांच्या मधे असलेल्या ब वर त्या व्हीलॅनचं एकही मशीन नाही, म्हणून तिथे करायचा राहिला. ब ला तो व्हीलॅन माहीत नसेल तर तो फ्रेम पुढे नेणार नाही. दुसऱ्या यादीत आहे पण तिसरीत नाही? मग स्पॅनिंग ट्रीने (फ्रेम गोल फिरत राहू नयेत म्हणून जादा वाटा बंद ठेवणाऱ्या यंत्रणेने) वाट अडवली आहे किंवा व्हीटीपी प्रूनिंगने छाटली आहे. स्पॅनिंग ट्रीने अडवलेली वाट हा अनेकदा बिघाड नसतो, दोन वाटांपैकी एक मुद्दाम बंद असते. ती जबरदस्तीने उघडायला जाऊ नका.

परवानगीच्या यादीत एक कमांड अशी आहे की तिच्यामुळे चालतं नेटवर्क क्षणात बंद पडतं. ट्रंकवर १०, २० आधीपासून आहेत आणि ३० जोडायचा आहे. ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ असं लिहिलं तर यादीत ३० जोडला जात नाही, जुनी यादी पुसून फक्त ३० उरतो. लिहायचं असतं ‘अलाउड व्हीलॅन ॲड ३०’. मॅनेजमेंटचा व्हीलॅन त्याच ट्रंकवरून येत असेल तर चूक सुधारायलाही वाट राहत नाही. ‘नवीन जोडला आणि जुने गेले’ असं ऐकलं की मी थेट ही ओळ बघतो.

नेटिव्ह व्हीलॅन दोन्ही टोकांना एकच हवा. एका टोकाला १ आणि दुसऱ्याला ९९ असेल तर टॅगशिवाय जाणारी फ्रेम इकडे १ मधून निघून तिकडे ९९ मध्ये शिरते. दोन्ही स्विच सिस्कोचे असतील तर सीडीपी (शेजारचं यंत्र ओळखणारा सिस्कोचा प्रोटोकॉल) लॉगमध्ये नेटिव्ह व्हीलॅन जुळत नसल्याची सूचना पुन्हा पुन्हा टाकत राहतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच असतील तर कुणीही काही सांगत नाही, दोन व्हीलॅन गुपचूप एकमेकांत मिसळतात. तेव्हा दोन्ही टोकांचं कॉन्फिग शेजारी ठेवून वाचण्याला पर्याय नाही.

कंपन्या वेगळ्या असल्या की शब्दही घात करतात. सिस्कोमध्ये ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन टॅगसह नेणारा पोर्ट. प्रोकर्व्हमध्ये ट्रंक म्हणजे अनेक केबली जोडून केलेली एक जाड लिंक. प्रोकर्व्हच्या एकाच केबलवर टॅग्ड व्हीलॅन न्यायचे असतील तर तिथे ट्रंक करायचं नसतं, त्या पोर्टला प्रत्येक व्हीलॅनमध्ये टॅग्ड सभासद करायचं असतं.

सिस्कोच्या दोन्ही टोकांना मोड ‘डायनॅमिक ऑटो’ राहिला असेल तर दोघंही एकमेकांची वाट बघतात आणि लिंक ॲक्सेसच राहते. ट्रंक हवा तिथे दोन्हीकडे तसं स्पष्ट लिहा.

ॲक्सेस पॉइंट आणि व्हर्च्युअल मशीनचे होस्ट यांनाही हेच लागू. ॲक्सेस पॉइंटचं स्वतःचं मॅनेजमेंट बहुधा टॅगशिवाय असतं आणि प्रत्येक वायफाय नावाचा व्हीलॅन टॅगसह. एक वायफाय चालतं आणि दुसरं आयपी देत नाही, तर दुसऱ्याचा व्हीलॅन त्या पोर्टवर टॅग्ड आहे का तेवढं बघा. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय होस्टवर पोर्ट ग्रुपला (व्हर्च्युअल स्विचवरच्या पोर्टांच्या गटाला) व्हीलॅन २० लिहिला आणि स्विचचा पोर्टही ॲक्सेस २० ठेवला, ही जोडी जुळत नाही. टॅग मारायचं काम एकानेच करायचं. पोर्ट ग्रुपमध्ये आकडा असेल तर स्विचचा पोर्ट ट्रंक हवा. पोर्ट ॲक्सेस असेल तर पोर्ट ग्रुपमध्ये ० हवा.

८. वाट मोकळी आहे, तरी आयपी नाही

हाताने आयपी दिल्यावर गेटवेला पिंग जातं, पण डीएचसीपी देत नाही, अशी अवस्था असेल तर तीन जागा बघा. डीएचसीपी सर्व्हर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये असेल तर गेटवेवर रिले (विनंती सर्व्हरपर्यंत पोचवणारी सोय) हवा, सिस्कोवर ‘आयपी हेल्पर-ॲड्रेस’. डीएचसीपीची पहिली विनंती ब्रॉडकास्ट असते आणि ती व्हीलॅनची हद्द ओलांडत नाही. सर्व्हरवर त्या व्हीलॅनचा स्कोप (वाटायच्या आयपींचा पट्टा) बनवला आहे का तेही बघा. आणि स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (खोट्या डीएचसीपी सर्व्हरची उत्तरं अडवणारी सोय) सुरू असेल तर सर्व्हरकडे जाणारा अपलिंक विश्वासू ठरवलेला हवा, नाहीतर सर्व्हरचं उत्तर स्विच स्वतःच टाकून देतो.

मशीन सुरू केल्यावर पहिल्यांदा आयपी मिळत नाही पण थोड्या वेळाने मिळतो, असं असेल तर स्पॅनिंग ट्री बघा. पोर्ट एज किंवा पोर्टफास्ट (न थांबता लगेच फ्रेम नेणारा) नसेल तर तो ऐकण्यात १५ आणि शिकण्यात १५ असे ३० सेकंद फ्रेम पुढे नेत नाही. तेवढ्यात मशीनने प्रयत्न सोडलेला असतो. ही सोय फक्त मशीनच्या पोर्टवर द्या, दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर नको.

दिवाच बंद असेल आणि पोर्ट ‘एरर-डिसेबल्ड’ दिसत असेल, तर तो स्विचने मुद्दाम बंद केला आहे, उदाहरणार्थ पोर्ट सिक्युरिटीने किंवा बीपीडीयू गार्डने (पोर्टवर दुसऱ्या स्विचचे स्पॅनिंग ट्रीचे संदेश आले की तो बंद करणाऱ्या सोयीने). आधी कारण वाचा, मग पोर्ट उघडा. बीपीडीयू गार्डने बंद केलेल्या पोर्टमागे कुणीतरी लावलेला स्विच असतो.

९. टॅग डोळ्यांनी बघणं

अजून छडा लागला नसेल तर पॅकेट पकडावे लागतात. स्विचवर पोर्ट मिररिंग (एका पोर्टवरच्या फ्रेमची प्रत दुसऱ्या पोर्टवर पाठवणं) लावा किंवा लिनक्सचा लॅपटॉप थेट ट्रंक पोर्टला जोडा. लॅपटॉपवर व्हीलॅन २० चा सब-इंटरफेस बनवून त्यावर डीएचसीपी मागा. आयपी मिळाला तर व्हीलॅन २० टॅगसह इथपर्यंत व्यवस्थित येतो आहे आणि बिघाड इथून पुढे आहे. ‘टीसीपीडम्प’ला ‘ई’ हा पर्याय दिला की प्रत्येक फ्रेमसोबत व्हीलॅनचा आकडा छापला जातो. विंडोजवर वायरशार्कमध्ये टॅग दिसला नाही म्हणून तो नव्हताच असं ठरवू नका, बरेच नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर टॅग आधीच काढून टाकतात.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

स्विचचे सगळे दिवे एकसाथ फडफडताहेत, नेटवर्क सगळीकडेच रखडलं आहे, आणि लॉगमध्ये एकच मॅक दोन पोर्टांमध्ये उड्या मारताना दिसतो आहे. हा लूप आहे, फ्रेम गोल फिरत राहताहेत. नुकतीच लावलेली केबल काढा. तेवढ्याने शांत झालं नाही तर व्हीलॅनचं कॉन्फिग बदलत बसू नका.

व्हीटीपी वापरात आहे आणि तुम्हाला कुठून तरी काढलेला जुना स्विच जोडायचा आहे, तर थांबा. डोमेनचं नाव तेच असेल आणि त्या स्विचचा रिव्हिजन नंबर (व्हीलॅनच्या यादीत बदल झाला की वाढणारा आकडा) चालू नेटवर्कपेक्षा मोठा असेल, तर व्हीटीपीच्या १ आणि २ या आवृत्त्यांमध्ये त्याच्याकडची यादी सगळ्या स्विचवर चढते आणि तिथे नसलेले व्हीलॅन एका झटक्यात नाहीसे होतात. हे काम अनुभव असलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

कोअर स्विचवर बदल करायचा आहे आणि कन्सोलची सोय नाही किंवा कॉन्फिगचा बॅकअप नाही, तेव्हाही हात लावू नका. त्या जाळ्यावर रुग्णांची उपकरणं, आगीची सूचना देणारी यंत्रणा किंवा दारांची कुलपं चालत असतील तर कामाची वेळ आधी ठरवून, जबाबदार माणूस हजर असतानाच हात लावायचा. आणि बिघाड इंटरनेट पुरवठादाराच्या यंत्रात किंवा दुसऱ्या विभागाच्या फायरवॉलवर असेल तर तुमच्या बाजूने कितीही बदल केले तरी उपयोग नाही. त्यांना एवढंच विचारा: तुमच्या टोकाला कुठला व्हीलॅन, टॅगसह की टॅगशिवाय?

जाणकार येण्याआधी त्याच्यासाठी या गोष्टी तयार ठेवा: दोन्ही टोकांच्या स्विचची कॉन्फिग, मशीनचा मॅक पत्ता आणि तो कुठल्या स्विचवर कुठल्या व्हीलॅनमध्ये दिसला याची नोंद, आणि बिघाड सुरू होण्याआधी काय बदललं होतं ते वेळेसकट. तोवर स्विच रीस्टार्ट किंवा रिसेट करू नका. बहुतेक स्विचवरचा लॉग मेमरीत असतो, वीज गेली की तोही जातो. लॉग आधी कॉपी करून घ्या.